तीन श्वास, चार माणसं

काल मी रांगेत उभ्या उभ्या मागे गेलो. म्हणजे पाय हलले नाहीत हो, पाय होते तिथेच होते, पण चार माणसं माझ्यापुढे गेली. ह्याला मी सोडून दुसरं कुणीही जबाबदार नाही असं घरच्यांचं एकमत झालंय. माझं मत वेगळं आहे आणि घरात ते कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.

रांग कसली होती ते विचारू नका. एका कागदावर शिक्का मारून घ्यायचा होता, खिडकी एक, माणसं पंचवीस-तीस. बास, एवढंच.

तर झालं असं की गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात माइंडफुलनेसचं, म्हणजे चांगलं-वाईट न ठरवता मन आत्ताच्या क्षणात कसं ठेवायचं त्याचं, वर्कशॉप झालं. त्याआधी टीममधली दोन माणसं सोडून गेली होती, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यांचं काम मात्र आमच्याकडे आलं, मग लोक चिडचिडायला लागले, तेव्हा मॅनेजमेंटने बराच विचार करून माणसं आणायच्या ऐवजी आम्हाला श्वास घ्यायला शिकवणाऱ्या एक मॅडम आणल्या. मॅडम चांगल्या होत्या, त्यांच्यावर राग नाही. त्यांनी सांगितलं की जॉन काबाट-झिन नावाच्या माणसाने 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये हे सुरू केलं, जुनाट दुखण्यांनी पिचलेल्या पेशंटसाठी. त्याचा कोर्स आठ आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा अडीच तास बसायचं, शिवाय घरी रोज पाऊण तास. आम्हाला सगळं मिळून चाळीस मिनिटं दिली होती आणि त्यातली दहा प्रोजेक्टरने खाल्ली.

मग प्रत्येकाच्या हातात एकेक मनुका दिली. हा त्या कोर्समधला प्रसिद्ध प्रकार आहे म्हणे. मनुका आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय अशी बघायची, सुरकुत्या न्याहाळायच्या, वास घ्यायचा, कानाशी नेऊन दाबून आवाज ऐकायचा आणि मग कुठे शेवटी सावकाश तोंडात टाकायची. ह्या सूचना येईपर्यंत माझी खाऊन झाली होती. हातात मनुका दिली की माणूस काय करणार? पुढची सात मिनिटं मी रिकाम्या चिमटीकडे टक लावून बघत होतो, चिमूट कानाशी नेली, दाबली, आणि मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "ह्यांच्याकडे बघा, किती छान कॉन्सन्ट्रेट करतायत." माझा आणि ह्या विद्येचा संबंध हा असा सुरू झाला.

त्याच मॅडमनी सांगितलं होतं की वेगळा वेळ काढायची गरज नाही, रांगेत उभे आहात? सुवर्णसंधी! तळपायाला जमीन जाणवतेय का बघा आणि तीन सावकाश श्वास घ्या.

घेतले. डोळे मिटले, तळपाय जाणवले, डावा जास्त कारण त्या चपलेचा अंगठा तुटत आलाय. श्वास तीनच होते, पण दर श्वासाला मन चार-चार वेळा शोधून आणावं लागलं, एकदा ते थेट दोन वर्षांपूर्वीच्या एका भांडणात सापडलं जिथे मला काय बोलायला हवं होतं ते आत्ता सुचलं होतं. मन भटकलं तर त्याच्यावर ओरडायचं नाही, अलगद परत आणायचं, असा नियम आहे. आणलं. तिसरा श्वास तर खरंच सुरेख लागला, खोटं कशाला बोलू, अगदी आत काहीतरी निवांत झालं. डोळे उघडले तर रांग पुढे सरकलेली आणि मोकळ्या जागेत चार पाठी.

पहिल्या तिघांनी मानाच वर केल्या नाहीत. चौथे मात्र बोलले. साठीच्या आसपासचे, काखेत प्लास्टिकचं फोल्डर, चेहरा असा की ह्यांचा बीपी कधी वाढलाच नसेल, इतरांचा वाढवला असेल.

"अहो, मी होतो इथे," मी म्हणालो.

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता तर तुम्ही तिथे आहात," ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले. चुकीचं काहीच नव्हतं.

"तसं नाही, मी डोळे मिटून उभा होतो तेवढ्यात..."

"बघितलं की. माइंडफुलनेस ना? चेहऱ्यावरून कळलं मला. मीपण करतो, दोन लेव्हल झाल्यात माझ्या."

"मग तर तुम्हाला समजायला हवं होतं."

"समजलं म्हणूनच डिस्टर्ब नाही केलं."

इथे माझी थोडी पंचाईत झाली कारण हे बोलताना त्यांचा चेहरा इतका प्रेमळ होता की थँक्यू म्हणायचं अगदी तोंडावर आलं होतं. "काका, पण तुम्ही मध्ये घुसलात."

"हां, हा शब्द बघा. घुसलात." त्यांनी बोट वर केलं. "हे जजमेंट झालं. तुम्हाला शिकवलं असेल ना, नॉन-जजमेंटल राहायचं? नुसतं निरीक्षण करा. समोर एक माणूस उभा आहे. संपलं. एवढंच सत्य."

"सत्य असं आहे की हा नंबर माझा..."

"माझा!" त्यांनी डोळेच मिटले. कुणी जवळचं गेल्यासारखे. "इथेच अडकतो माणूस."

"अहो, पाच मिनिटांपूर्वी मी तुमच्यापुढे..."

"पाच मिनिटांपूर्वी. म्हणजे भूतकाळ."

"आणि खिडकी बंद झाली तर?"

"भविष्यकाळ."

"ठीक आहे," मी म्हणालो, "मग आत्ता ह्या क्षणी, वर्तमानात, मी तुमच्यापुढे येऊन उभा राहतो."

"असं कसं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रांग आहे ना इथे!"

मागून एक ताई म्हणाल्या, "तुम्ही दोघं नंतर भांडा, आधी पुढे सरका." त्यांच्यामागून कुणीतरी म्हणालं, "झोपले होते की ते." आणखी कुणीतरी, "मला वाटलं चक्कर येतेय." माझ्या साधनेबद्दल लोकांची मतं ही अशी. काकांनी वळून त्या सगळ्यांना सांगितलं की असं बोलू नका, नवीन आहेत, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. माझी बाजू घेणारा आख्ख्या रांगेत तो एकच माणूस, आणि तोच माझ्या जागेवर उभा.

पुढची वीस मिनिटं मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांची मान बघत होतो. नॉन-जजमेंटली. मानेवर एक तीळ आहे, त्याच्या निरीक्षणात माझ्या दोन लेव्हल सहज झाल्या असतील. मधेच ते वळले आणि म्हणाले, "पेन आहे का?" आणि मी दिलं. का दिलं ते विचारू नका. पेन मागितलं की हात आपोआप खिशाकडे जातो, ह्याला ऑटोपायलट म्हणतात आणि ह्याच्याविरुद्धच तर ही सगळी चळवळ आहे.

त्यांचा शिक्का झाला. जाताना त्यांनी छातीवर हात ठेवला, "एन्जॉय द मोमेंट" म्हणाले, आणि मी कागद पुढे करतोय तोवर आतून लाकडी फळी आली, 'जेवणाची सुट्टी'. पाऊण तास! रोज घरी करायला सांगतात तेवढाच, अगदी मोजून.

आता ह्या पाऊण तासात माणसाने काय करावं? 2014 साली एक प्रयोग छापून आला होता. लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसतो. आणि हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ असं ह्याच लोकांनी आधी सांगितलेलं. तर 18 पुरुषांपैकी 12 जणांनी बटण दाबलं, बायकांत 24 पैकी 6. एका महाभागाने 190 वेळा, म्हणजे साधारण दर पाच सेकंदाला एक. पूर्वी मी ही गोष्ट लोकांना हसत सांगायचो. काल त्या बंद फळीसमोर मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला.

आणि 2010 चं ते हार्वर्डवाल्यांचं संशोधन, लोकांना फोनवर मधेच विचारायचे की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि भटक्या मनाची माणसं जास्त दुःखी निघाली. असतील. पण माझं मन काल भटकत राहिलं असतं, पुढच्या माणसाच्या चपलांवर, खिडकीवर, घड्याळावर, तर मी अकरा वाजताच सुखी होऊन घरी गेलो असतो.

मला एक कळत नाही, वर्तमानात जगा हे नेहमी ज्याचं काहीतरी गेलंय त्यालाच का सांगतात? ज्याने घेतलंय त्याला कुणी सांगत नाही, त्याला जमतंच ते आपोआप. ऑफिसात राहिलेल्या सुट्ट्यांचा विषय काढा, जुनं उगाळू नका. पगारवाढीचा काढा, पुढची चिंता आत्तापासून कशाला. वर्कशॉपच्या शेवटी मी हात वर करून विचारलं होतं की ती दोन माणसं परत कधी भरणार, तर एचआरचा मुलगा हसून म्हणाला, "सर, स्टे इन द प्रेझेंट." सगळे हसले. मीपण हसलो, आणि आता त्याचाच जास्त राग येतोय.

रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की माइंडफुलनेस हे ज्या पाली शब्दाचं भाषांतर आहे तो शब्द आहे 'सति', संस्कृतातला 'स्मृति'. म्हणजे मुळात आठवण! आणि माझी आठवण स्पष्ट आहे, मी त्यांच्यापुढे होतो. हे मला रात्री साडेअकराला सुचलं. काकांचा पत्ता असता तर गेलो असतो.

असो. पाऊण तासाची फळी पासष्ट मिनिटांनी उघडली. आतल्या माणसाने माझा कागद उलटा केला, सुलटा केला आणि परत सरकवला.

"आजची तारीख टाकायची राहिलीये."

खिशात हात घातला. पेन काकांबरोबर गेलेलं. मागे वळलो तर एक तरुण मुलगा उभा होता, त्याला म्हणालो, "पेन देतोस का जरा? आणि आज तारीख किती रे?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पेन दिलं, तारीख सांगितली, आणि मी वाकून ती लिहितोय तेवढ्यात माझ्या खांद्यावरून हात लांब करून स्वतःचा कागद खिडकीत सरकवला.