उद्याचा पाऊस सांगता येत नाही, मग 2100 सालचं काय सांगता?

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या अण्णांनी, एक लांबलचक मेसेज टाकला. त्याच दिवशी तो द्राक्षवाल्यांच्या दोन ग्रुपवरही फिरत होता. त्यातलं म्हणणं असं: हवामान पूर्वीपासून बदलत आलंय. कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम 0.04 टक्के आहे, तो काय करणार? उद्याच्या पावसाचा अंदाज चुकतो, मग शंभर वर्षांचा कसा बरोबर येईल? सौर पॅनेल बनवायला लागते तेवढी वीजही ते परत देत नाही. आणि भारतानं काही केलं तरी जगाला फरक पडत नाही, म्हणून हे सगळं थोतांड.

अण्णांची बाग अवकाळीनं दोनदा गेलीय. ज्याचं नुकसान झालं त्यानंच हा मेसेज पुढं पाठवावा, हे मला लागलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. पहिला, हवामान पूर्वीपासून बदलत आल्याचा.

"1972 ला दुष्काळ पडला तेव्हा कुठं एवढ्या मोटारी होत्या?" दुष्काळ पूर्वी पडायचे, हे कुणीच नाकारत नाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पूर्वीही खाली जायचं. पण तेच पाणी कार्तिकात तळ गाठायला लागलं, तर आपण आजूबाजूला किती बोअर झाले ते मोजतो. शास्त्रज्ञांनी तेच केलं. सूर्य तापला का? 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याचं तेज मोजताहेत, त्यात या तापमानवाढीला पुरेल अशी वाढ नाही. शिवाय सूर्यामुळं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. तिथं उलट थंडावा येतोय आणि खालचा थर तापतोय. हवेत वाढलेला कार्बन कुठला, तेही कळतं. कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेलं, त्यामुळं त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 कधीच संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण पातळ होत गेलं, ते या जुन्या कार्बनची भर पडल्यामुळं.

0.04 टक्क्याचा मुद्दा द्राक्षवाल्यानं तरी मांडू नये. आपण जीए, म्हणजे घड लांबवणारं जिबरेलिक ॲसिड, मारतो ते किती? शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे 10 पीपीएम, दहा लाख भागांत दहा. तेवढ्यानं घड लांबतो, आणि मात्रा चुकली तर प्लॉट बिघडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी सुमारे 280 पीपीएम होता, आता 420 च्या पुढं गेलाय. म्हणजे दीडपट. अर्थात अल्प मात्रा चालते एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पुरावा वेगळा आहे आणि जुना आहे. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. तीन वर्षांनी जॉन टिंडलनं कोणता वायू उष्णता अडवतो ते मोजलं. हवेचा 99 टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ती जवळपास अडवतच नाहीत. अडवते ती वाफ आणि असले थोडके वायू. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या 15 अंशांऐवजी उणे 18 च्या आसपास असतं.

आता अंदाजाचा मुद्दा. हा सगळ्यांना पटतो, कारण अनुभव तसाच आहे. अंदाज पाहून फवारणी टाळावी आणि पाऊस येऊन डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, घुसावी, हे माझ्याही बागेत झालंय. पण हे दोन प्रश्न एकच नाहीत. उद्या पहाटे निफाडचा पारा किती अंशांवर येईल, हे सांगताना कुणीही चुकेल. पण पौष वैशाखापेक्षा थंड असणार, याबद्दल कुणाचं दुमत आहे का? विमा कंपनीला कोण कधी जाणार ते कळत नाही, तरी हजार माणसांमागचा हिशेब तिला बरोबर करता येतो. हवामानाचा अंदाज एकेका दिवसाचा असतो. हवामानबदल हा तीस-तीस वर्षांच्या सरासरीचा हिशेब असतो.

आणि तो हिशेब तपासून झालाय. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी 1967 मध्येच गणित मांडलं होतं, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान दोन अंशांहून थोडं अधिक वाढेल आणि वरचा थर थंड होईल. आज तेच दिसतंय. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, ते अशाच कामासाठी. हे परदेशी कारस्थान वाटत असेल, तर पुण्याकडे बघा. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि तेही मोसमी पाऊस एकूणात कमी होत असताना. महिनाभर ढग नुसते वाकुल्या दाखवतात आणि मग पाऊस दोन दिवसांत बांध फोडून जातो, हे आपण पारावर बोलतो. तेच आकड्यांत आलंय.

अनिश्चितता आहे, हे मान्यच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीनं नेमके किती अंश वाढतील? आजचं उत्तर बहुधा अडीच ते चारच्या दरम्यान असं आहे. पण ही दरी दोन्हीकडं आहे. अडीच निघेल तसंच चारही निघेल. ऑक्टोबर छाटणीला तरी काय खात्री असते? फुलोऱ्यात पाऊस आला की गळ-कूज, काढणीत आला की मणी तडकतात. म्हणून कुणी छाटणी सोडून घरी बसत नाही. आपण प्लॉट पुढं-मागं छाटतो, जमलं तर वर प्लास्टिक टाकतो, औषध आणून ठेवतो. कळत नाही म्हणूनच तयारी जास्त करतो. मग पुढच्या पिढीच्या बाबतीतच 'कळत नाही, म्हणून सोडून द्या' असं का?

पॅनेलचं म्हणणं सरळ चूक आहे. बनवायला लागलेली ऊर्जा ते आपल्या उन्हात साधारण वर्ष-दीड वर्षात परत देतं, आणि चालतं पंचवीस वर्षं. रात्री काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. देशातली 70 ते 75 टक्के वीज अजून कोळशावर निघते, ती उद्या बंद होणार नाही. पण वीज साठवायची सोय आपल्या शेजारीच आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. जादा वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची.

शिवाय शेताला रात्रीची वीज हवीच कशाला? रात्रपाळीची लाइट आली की गव्हाला पाणी भरायला एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन जायचं. उसात काही हललं की बिबट्या असेल म्हणून तिथंच थिजायचं. हे माझ्या वडिलांनी केलं, मीही केलं. आता पुतण्या सकाळी नऊला पॅनेलवरची धूळ फडक्यानं पुसतो आणि सौरपंप चालू करतो. ढगाळ दिवशी पंप कमी ओढतो, पण त्या दिवशी पिकालाही पाणी कमीच लागतं.

राहिला भारताचा मुद्दा. यात निम्मं खरं आहे. अमेरिकेत माणशी 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडं दोन टन. आधी त्यांनी कमी करावं, ही मागणी न्यायाचीच आहे आणि ती जोरात मांडली पाहिजे. पण दरवर्षीच्या एकूण आकड्यात आपण चीन-अमेरिकेनंतर तिसरे आहोत, तेव्हा फरक पडत नाही हे खोटं. आणि अरबी समुद्र तापला तर 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या वाड्या झोपवतं, 'तौक्ते' कोकणातला आंबा पाडून जातं. आपल्याला लागतं त्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. ऊन बाहेरून आणावं लागत नाही.

अण्णा, हे सगळं तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग तसं ग्रुपवर टाक." टाकलंय.