द्राक्षाचा कलमजोड मातीत गाडायचा? खुलासा

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की डॉगरीजवर (मुळांसाठी लावतात त्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर) कलम केलेल्या वेलीचा जोड मातीत गाडा, वरच्या थॉमसनला (फळ देणाऱ्या जातीला) स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि वेल डबल ताकदीने चालते. यातलं अर्धं खरं आहे. मुळ्या फुटतात, द्राक्षाची काडी ओल्या मातीत सहज मूळ धरते. पण मग जंगली खुंट लावून ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम (खुंट चिरून त्यात थॉमसनची काडी बसवणं) भरायचा खटाटोप केला कशाला? डॉगरीज आपण घेतो तो खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून, आणि थॉमसनची मुळी तेच सोसत नाही, त्यामुळे वरच्या मुळ्यांनी जोर धरला की खुंटाचा फायदा हळूहळू जातो आणि बोअरचं पाणी खारं असेल तर पानांच्या कडा करपायला लागतात.

बरेचदा मुद्दाम कोणी गाडतही नाही, दरवर्षी बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) शेणखत-माती चढवता चढवता जोड आपोआप झाकला जातो. माती बाजूला करा, जोडाच्या वर निघालेल्या मुळ्या लहान असतानाच कात्रीने काढा, खालून आलेली डॉगरीजची फूटही काढा.

आणि हापूसवाल्यांनो, तुम्ही तर हा प्रयोग करूच नका, आंब्याला अशा मुळ्या सहजासहजी येत नाहीत, उलट ओलीने साल कुजायची भीती.