नऊ पैसे कोणाचे?

नमस्कार.

इंधनावरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढायलाच हवं, असं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "कोथरूडला गॅलरीत बसून असलं सुचतं. डिझेल वाढलं की भाजी वाढते आणि मरतो गरीब. गॅसचे पैसे खात्यात येतात म्हणता, शेवटचे कधी आले?" आमच्या घराला गॅलरी नाही, पण कोथरूड कबूल.

आधी भाजी. मंचरहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल आणणारा एक पिकअपवाला माझ्या ओळखीचा आहे. जाऊन-येऊन 130 किलोमीटर, लिटरला दहाचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे 13 लिटर. डिझेल दहा रुपयांनी वाढलं तर खेपेला 130 रुपये जादा. माल दीड टन. किलोमागे नऊ पैसेसुद्धा पडत नाहीत. हे गणित मी त्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं. तो म्हणाला, "नऊ पैसे गिऱ्हाइकाला. मला 130." त्याचं भाडं क्रेटवर ठरलेलं, ते वाढवून मिळेपर्यंत महिने जातात. वाढलं, की शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापलं जातं, हमाली-तोलाईच्या शेजारी. पाऊस लागला की कोथिंबिरीची जुडी दहाची तीस होते, तिथे नऊ पैशांना कोण विचारतो! तेव्हा चटका बसतो हे खरंच, पण भाजी घेणाऱ्याच्या आधी तो आणणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला बसतो.

म्हणून डिझेल सरसकट स्वस्त ठेवावं का? ठेवून पाहिलंय आपण. 2012-13 साली इंधन स्वस्तात विकल्यामुळे तेल कंपन्यांची तूट सुमारे 1 लाख 61 हजार कोटींवर गेली होती, त्यात निम्म्याहून जास्त डिझेलची. तेच डिझेल मॉलच्या जनरेटरमध्ये आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या एसयूव्हींमध्ये जळत होतं. (त्यातली एक माझ्या मेव्हण्याची. गरिबांसाठीचं डिझेल भरून महाबळेश्वरला जायचा.) रेशनच्या रॉकेलचं तर विचारूच नका. डिझेलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात मिळायचं, म्हणून भेसळीला जायचं. त्या भेसळीला हात घालायला गेलेल्या यशवंत सोनवणे या अपर जिल्हाधिकाऱ्यांना जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ जिवंत जाळलं.

माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी हातात पैसे, मग दरवाढ. नायजेरियाने 1 जानेवारी 2012 ला पेट्रोल एका रात्रीत 65 नायरांवरून 141 च्या आसपास नेलं, हातात काहीच दिलं नाही. देश बंद पडला आणि दोन-तीन आठवड्यांत दर 97 वर आणावा लागला. इंडोनेशियाने 2005 मध्ये दर दुपटीच्या पुढे नेले, पण गरीब कुटुंबांना महिना एक लाख रुपिया रोख द्यायला त्याच महिन्यात सुरुवात केली. कुरकुर झाली, पण 1998 च्या दरवाढीनंतर झाली तशी जाळपोळ झाली नाही. इराणने डिसेंबर 2010 मध्ये माणशी महिना साडेचार लाख रियाल खात्यात टाकले. सुरुवात झकास झाली. पुढे आकडा तोच राहिला आणि महागाईने त्याची किंमत खाऊन टाकली.

आपल्याकडे जानेवारी 2013 पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढत गेलं आणि ऑक्टोबर 2014 मध्ये दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. तेव्हा कच्चं तेल कोसळत होतं, त्यामुळे कोणाला कळलंही नाही. मात्र जानेवारी 2016 पर्यंत इंधनावरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं, डिझेलवर लिटरमागे एकूण 13 रुपये 47 पैसे. अनुदान काढणं वेगळं आणि स्वस्ताई मध्येच अडवून तिजोरीत वळवणं वेगळं. याची तरफदारी मी केलेली नाही, करणारही नाही. त्या स्वस्ताईतले चार रुपये जरी त्या पिकअपवाल्याच्या वाट्याला आले असते, तर त्याने माझं गणित जरा सबुरीने ऐकलं असतं.

राहिला गॅस. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना काल विचारलं. त्यांनी पिशवीतून पासबुकच काढून दिलं. गॅसची शेवटची नोंद 2020 च्या उन्हाळ्यातली, त्यानंतर काही नाही. त्यांचं कनेक्शन उज्ज्वला या गरीब महिलांसाठीच्या योजनेतलं नाही, त्यामुळे त्या योजनेत ऑक्टोबर 2023 पासून सिलिंडरमागे ठरलेले 300 रुपयेही नाहीत. म्हणजे आधी पैसे, मग दरवाढ असा क्रम लावून दिला आणि नंतर पैसे गुपचूप बंद झाले. इथे तुम्ही मला पकडलंत. लेखातलं "पैसे थेट खात्यात जमा होतात" हे वाक्य आज सकाळी बदललं. आता तिथे "होत होते" आहे.