मामाची लाइन कुणी सुरू केली?

मागच्या रविवारी न्यू जर्सीच्या मामाशी व्हिडिओ कॉलवर वाजलं. विषय नेहमीचाच, तिकडे घुसणारे 'हे लोक'. मामा म्हणाला, "आम्ही कायद्याने आलो. लाइनीत उभं राहून आलो." मामा १९७१ साली गेला, आता ऐंशीला टेकलाय. मी विचारलं, "पण मामा, ती लाइन सुरू कुणी केली?" क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "केनेडीने."

त्याच्या हॉलमध्ये केनेडीचा फोटो आहे. आमच्या सांगलीच्या घरीही होता, गांधी-नेहरूंच्या रांगेत. देखणा माणूस, तरुणपणी गेला, फोटो लागणारच. त्याच्यानंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सनचा फोटो मात्र मी एकाही मराठी घरात पाहिलेला नाही.

जुना हिशोब बघा. १९२४ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना अमेरिकेचं दार जवळजवळ बंदच होतं. १९४६ साली मोठ्या मनाने भारताला कोटा मिळाला, वर्षाला १०० माणसं! अख्ख्या देशातून शंभर. त्यात सांगलीच्या इंजिनिअरचा नंबर कधी लागला असता? हा कोटा मोडणारा कायदा केनेडीने सुचवला होता, हे खरं. पण तो मंजूर करून घेऊन ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली जॉन्सनने. जन्म कुठल्या देशात झाला यापेक्षा शिक्षण, कौशल्य आणि नातेवाईक यांना महत्त्व आलं. १९६८ पासून तो पुरता लागू झाला आणि तीन वर्षांत मामा विमानात बसला. गंमत म्हणजे सही करताना जॉन्सन म्हणाला होता, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. आज न्यू जर्सीतल्या, आपल्याच लोकांनी भरलेल्या एडिसनच्या भाजीबाजारात उभं राहून हे वाक्य आठवावं!

आता हा जॉन्सन काही संत नव्हे. टेक्सासच्या कोरड्या डोंगराळ भागातला, १९०८ चा जन्म. बाप आमदार, पण पुढे कर्जात बुडालेला. १९४८ ला सिनेटच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, उमेदवारीसाठी जॉन्सन ८७ मतांनी 'जिंकला'. मतदान होऊन सहा दिवस उलटल्यावर एका पेटीत सुमारे २०० मतं सापडली. यादीतली ती नावं एकाच शाईत आणि वर्णानुक्रमाने लिहिलेली. मेहनत करायची ती तरी नीट करावी! आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे वाचताना परकं वाटत नाही. समोरच्याच्या अंगावर झुकून, कॉलर धरून, कधी लाडीगोडी तर कधी दम देऊन तो मतं गोळा करायचा. कमोडवर बसल्या बसल्या हाताखालच्यांना सूचना द्यायचा. खाजगीत काळ्या लोकांबद्दल शिवराळ बोलायचा, आणि अमेरिकन संसदेतली पहिली वीस वर्षं त्यांच्या हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध त्याने मत दिलं.

तोच माणूस २२ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडीचा खून झाल्यावर, डॅलसच्या धावपट्टीवरच्या विमानात, शेजारी केनेडीची विधवा उभी असताना, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतो आणि सात महिन्यांनी काळ्या लोकांना बरोबरीने वागवायला लावणारा नागरी हक्कांचा कायदा करून दाखवतो. सिनेटमध्ये विरोधकांनी भाषणांनी महिनोन्महिने अडवलेला कायदा! कुणाचं गुपित काय, कुणाला धरण हवंय, हे त्याला पाठ होतं. केनेडीकडे भाषणं होती. भाषणांनी सिनेट हलत नाही, हे मला तरी पटलंय.

विशीत असताना टेक्सासच्या कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या पोरांना त्याने वर्षभर शिकवलं होतं. पोरं उपाशीपोटी शाळेत यायची. मार्च १९६५ मध्ये, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली त्यानंतर आठ दिवसांनी, जॉन्सनने संसदेपुढे ती पोरं आठवली, आणि चळवळीच्याच गाण्यातली ओळ, 'वी शॅल ओव्हरकम', स्वतःच्या तोंडाने म्हटली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. त्याच संसदेने दोन महिन्यांत मामाचा कायदा केला. माणसाला कातडीवरून हॉटेलात अडवायचं नाही असं एकदा ठरल्यावर जन्माच्या देशावरून विमानतळावर कसं अडवणार? म्हणजे मामाच्या लाइनीत सगळ्यात पुढे सेल्माच्या पुलावर मार खाणारे लोक उभे होते.

पण फोटो लावाच, असं मी म्हणणार नाही. याच माणसाने व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैनिक पाठवले. १९६५-६६ च्या दुष्काळात भारताला द्यायचा अमेरिकन गहू हप्त्याहप्त्याने सोडला, कारण व्हिएतनामवरून आपण टीका करत होतो ती त्याला झोंबत होती, आणि आपल्या शेतीधोरणालाही त्याला वाकवायचं होतं. शास्त्रीजींना दिलेलं आमंत्रण तर आधीच पुढे ढकललं होतं. माझी आजी त्या रेशनच्या लाल गव्हाबद्दल एकच बोलायची, "पोळी चघळता चघळता तोंड दुखायचं." त्या पोळ्या खाऊनच मामा इंजिनिअर झाला. अन्न तोडून तोडून देणारा आणि दार सताड उघडणारा हात एकाच माणसाचा.

शेवटी व्हिएतनामनेच त्याला खाल्लं. ३१ मार्च १९६८ ला टीव्हीवर येऊन त्याने जाहीर केलं, पुन्हा उभा राहणार नाही. जानेवारी १९७३ मध्ये वारला. पाचच दिवसांनी पॅरिसला युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या.

हे सगळं मी मामाला सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तेव्हा तर मी इथेच होतो की. तो गेल्याची बातमी पाहिली असेल मी टीव्हीवर. आठवत नाही बघ."