चहाची ट्रॉली उघडली का?

आईवडील पुण्यात किंवा कोल्हापुरात, मुलं परदेशात. अशा घरात कॅमेरा लावावा का, या वादात आपल्याकडे दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, ही पाळत आहे, म्हातारपणी तरी माणसाला मोकळं सोडा. दुसरी म्हणते, पडलं-झडलं तर कळणार कसं? इंग्लंडमधून हा वाद ऐकताना वाटतं, भांडायचंच तर कॅमेऱ्यावरून कशाला? इथे माणसाऐवजी वस्तूवर लक्ष ठेवायची पद्धत रुळली आहे. किटली तापली का, फ्रिज उघडला का, एवढंच बघायचं. जपानात झोजिरुशी कंपनीने २००१ सालीच पाणी गरम ठेवायच्या विजेच्या भांड्यात अशी सोय केली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने चहाला पाणी घेतलं का, ते लांबच्या मुलांना ईमेलने कळे. चेहरा नाही, आवाज नाही.

पाळतीचा आक्षेप यात निम्मा गळतो, सगळा नाही. रात्री तीनदा फ्रिज उघडल्याचं मुलाला कळलं की मधुमेही वडिलांची फोनवर उलटतपासणी ठरलेली. म्हणून सगळी नोंद घरातल्याच छोट्या संगणकावर राहावी, आईबाबांना ती केव्हाही बघता यावी, आणि बाहेर एकच निरोप जावा: आज सकाळी हालचाल दिसली नाही.

इथली किटली-पद्धत मात्र जशीच्या तशी उचलून चालत नाही. आपला चहा गॅसवर होतो, त्यामुळे वीज वापरली का हे कळवणारा स्मार्ट प्लग काहीच सांगत नाही. गिझरवर प्लग लावावा, तर सोलरचं पाणी असलेल्या घरात तो महिनोन्महिने गप्प. शिवाय काम झालं की बटण बंद करायची आपली चांगली सवय यात आडवी येते. बटण बंद झालं की स्मार्ट प्लग मरतो. तो झिगबीचा (म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांना जोडणाऱ्या बिनतारी जाळ्याचा) असेल आणि बाकीचे सेन्सर त्याच्यामार्फत बोलत असतील, तर तेही मुके होतात. संदेश पुढे ढकलणारा प्लग लावायचाच तर जिथलं बटण कधीच बंद होत नाही तिथे, म्हणजे राउटरशेजारी किंवा फ्रिजच्या पॉइंटवर.

मग लक्ष कशावर ठेवायचं? चहा-साखरेच्या ट्रॉलीवर. तिला साधा दरवाजा-सेन्सर पुरतो. एका तुकड्यात रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) आणि सीआर२०३२ बॅटरी, दुसऱ्यात चुंबक. बॅटरीचा तुकडा ओट्याखालच्या स्थिर फळीला, चुंबक ट्रॉलीच्या दर्शनी फळीला. ट्रॉली बंद असताना दोघांतलं अंतर १० मिलीमीटरच्या आत ठेवा. कागदोपत्री जास्त चालतं, पण ट्रॉली रोज थोडी वेगळी बंद होते. शेगडीजवळ तेलकट थर साचलेला असतो, तो स्पिरिटने पुसल्याशिवाय चिकटपट्टी पावसाळा काढत नाही. लोखंडी कपाटावर वेगळीच गंमत होते. पत्रा चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढतो आणि मिटलेलं दार उघडं दिसतं. दोन्ही तुकड्यांखाली पाचेक मिलीमीटरची प्लास्टिकची चकती घाला आणि पुन्हा तपासा.

ट्रॉली, फ्रिजचं दार, घराचं दार आणि बाथरूमचं दार, एवढे चार सेन्सर बस झाले. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात येतात, म्हणून वायफाय चॅनल १ वर आणि झिगबी २५ वर ठेवा. झिगबीचा डोंगल, म्हणजे सेन्सरचे संदेश पकडणारी यूएसबी कांडी, संगणकात थेट न खोचता मीटरभर यूएसबी वायरने लांब टांगा, कारण यूएसबी ३ पोर्टचा गोंगाट त्याला बहिरा करतो. सूटकेसमधून इथलं गळ्यातलं आपत्कालीन बटण नेऊ नका. युरोपात त्यासाठी ८६९.२ मेगाहर्ट्झजवळचा रेडिओ पट्टा राखीव आहे, भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा, म्हणजे ते बटण त्याच्या बाहेर पडतं.

सगळ्यात जास्त चुका वेळेत होतात. नियम काय असावा? सकाळी ८:३० पर्यंत चारांपैकी काहीच हललं नाही तर निरोप. ८:३० का, तर नऊला कामवाली बाई येऊन फ्रिज उघडते आणि सगळं आलबेल दिसतं. पण भारतातले ८:३० म्हणजे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे चार, हिवाळ्यात तीन. मुलगा झोपलेला असतो. त्यात नियम इंग्लंडच्या घड्याळावर बेतला, तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो तासभर सरकतो. म्हणून यंत्रणेची वेळ भारतीयच ठेवा. पहिला फोन घरातच वाजू दे, पंधरा मिनिटांनी शेजारच्या काकूंना, आणि शेवटी परदेशात. सुरुवातीचे तीन आठवडे नुसती नोंद करा, निरोप बंद. दाराशी 'बाहेरगावी'चं बटण ठेवा. तीनदा लांडगा आला की काकू चौथ्यांदा उठत नाहीत.

सेन्सर गप्प आहे याचे दोन अर्थ होतात: घरात कोणी हललं नाही, किंवा बॅटरी संपली. बरेच सेन्सर तासाभरात एकदा हजेरी देतात. ती सलग तीनदा चुकली तर 'यंत्र बिघडलं' असा वेगळा निरोप जायला हवा. वीज गेली की यंत्रणा मुकी होण्याचा घोळ इंग्लंडमध्येही आहेच. वीज गेली तरी चालणाऱ्या जुन्या तांब्याच्या फोनलाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत आणि वृद्धांची आपत्कालीन यंत्रं त्याच लाइनींवर होती. ती नव्या लाइनींवर नीट चालेनात, गंभीर प्रसंग घडले, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीची अदलाबदल थांबवावी लागली. आपल्याकडे इन्व्हर्टर असतो, पण त्यावर पंखा-दिवे असतात, राउटर नसतो. राउटर आणि संगणक दोन्ही त्यावर घ्या.

आणि एवढं करून काकू दाराशी पोचल्या, तर आतून कडी. इंग्लंडमध्ये भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते, तिच्यात किल्ली. आपल्याकडे कडी, वरची बोल्ट आणि बाहेर सेफ्टी डोअर. चार सेन्सर घेण्याआधी सुताराला बोलवा, दोन्ही दारांना बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवून घ्या, आणि रात्री कडी न लावायला आईला राजी करा. या शेवटच्या कामाला सेन्सर बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.