‘कोळशाचा फिल्टर आहे, मग डक्ट कशाला?’ या दाव्यात काय चुकतं

शेगडीच्या वर बसवायच्या मायक्रोवेव्हबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यात पंखा आणि कोळशाचा फिल्टर असतोच, तो धूर ओढतो आणि हवा शुद्ध करून परत सोडतो, त्यामुळे भिंतीला भोक पाडून डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाईप, काढणं वायफळ आहे. आणि काढायचाच असेल, तर कुठलाही पाईप जोडून माळ्यावर सोडला तरी भागतं. यातलं पंखा-फिल्टरचं म्हणणं अर्धवट आहे, डक्टचं चूक आहे आणि माळ्याचं सरळ धोक्याचं आहे.

‘फिल्टर हवा शुद्ध करतो’

आत दोन फिल्टर असतात. खालची अॅल्युमिनियमची जाळी तेलाचे मोठे थेंब अडवते. कोळशाचा फिल्टर वास कमी करतो. बस, इतकंच. गॅसच्या ज्वाळेतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो, तेलाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण बऱ्याच प्रमाणात निसटतात आणि वाफ तर थांबतच नाही. ही वाफ थोडीथोडकी नसते. १ किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. पातेल्यातून उकळून जाणारं पाणी वेगळं. डक्ट नसेल तर ते सगळं खोलीतच राहतं आणि कपाटाच्या तळाला, खिडकीच्या काचेला, गार भिंतीला धरतं. विजेच्या शेगडीवर गॅस जळण्याचा प्रश्न नसतो, पण तेलाचा धूर आणि वाफ तिथेही आहेच.

शिवाय हा फिल्टर कायमचा नाही. रोजचा स्वयंपाक असेल तर साधारण ६ महिन्यांत बदलावा लागतो. तो धुऊन परत वापरू नका; कोळशाची छिद्रं तेलाने बुजली की धुऊन मोकळी होत नाहीत. जाळी मात्र महिन्यातून एकदा गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजत ठेवा, ब्रशने घासा, पूर्ण वाळवून मगच लावा. अमोनिया किंवा कॉस्टिक असलेलं क्लीनर वापरलं तर अॅल्युमिनियम काळं पडतं.

‘डक्ट जोडला की हवा बाहेर जाते’

नेमकं इथेच सगळ्यात जास्त घरांत चुकतं. बहुतेक मॉडेल कारखान्यातून हवा खोलीतच फिरवण्याच्या स्थितीत येतात, म्हणजे आतल्या ब्लोअरची (हवा ढकलणाऱ्या पंख्याची) तोंडं पुढच्या झरोक्याकडे असतात. वर डक्ट बसवला आणि ब्लोअर तसाच ठेवला, तर डक्ट कोरडा राहतो आणि तेलकट हवा तुमच्या कपाळावर येते.

ओळखायला सोपं आहे. पंखा पूर्ण वेगावर लावा आणि दरवाज्याच्या वरच्या झरोक्यासमोर हात धरा. जोरदार झोत लागला, तर ब्लोअर फिरवलेला नाही. मग बाहेर जाऊन डक्टच्या टोकाला भिंतीवर बसवलेल्या टोपीचा फ्लॅप, म्हणजे हवेने उघडणारी झडप, उघडतोय का ते बघा. जाळीला टिश्यू पेपर चिकटवून केलेली चाचणी फक्त हवा ओढली जाते एवढंच सांगते, ती जाते कुठे हे सांगत नाही.

फिरवायचं असेल तर आधी प्लग काढा. मायक्रोवेव्ह मागच्या पट्टीला अडकवलेला आणि वरच्या कपाटातून बोल्टने धरलेला असतो. तो जड असतो, उतरवायला दोन माणसं हवीतच. ब्लोअरवरच्या पट्टीचे स्क्रू काढून तो अलगद उचला. डक्ट वरून जात असेल तर तोंडं वर, मागच्या भिंतीतून जात असेल तर मागे करा. वायर पत्र्याखाली दाबली जात नाही ना ते पाहून मगच स्क्रू आवळा. मॉडेलप्रमाणे पट्ट्यांची अदलाबदलही असते, म्हणून पुस्तिकेतली आकृती समोर ठेवा. शेवटी डक्टच्या जोडावरचा फ्लॅप बोटाने उघडून बघा. वाहतुकीची टेप तशीच राहिलेली असते, किंवा डक्ट जरासा सरकल्यामुळे, लांब स्क्रू आत आल्यामुळे फ्लॅप अडतो. मग हवा फटीतून कपाटात शिरते. कपाट आतून कोमट आणि चिकट लागलं तर हेच कारण समजा.

‘कुठलाही पाईप चालतो’

नाही चालत. नेहमीचं तोंड ३¼ × १० इंचाचं आयताकृती असतं. गोल करायचं तर ६ इंच. ४ इंची पाईपचं तोंड ६ इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. पंखा तोच राहतो, आवाज वाढतो, हवा घटते. वळणंही मोजा: अनेक पुस्तिकांत ६ इंची डक्टचा एक काटकोनी एल्बो १० फूट सरळ पाईपइतका धरतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा गुळगुळीत डक्ट घ्या आणि सांधे अॅल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी टेप उष्णतेने सुटते. लवचीक नळीच्या चुण्यांत तेल साचतं, आणि प्लॅस्टिकची नळी तर इथे आगीला आमंत्रण आहे. बाहेरच्या टोपीला बारीक जाळी लावू नका, ती तेलाने बुजते.

‘माळ्यावर सोडला तरी भागतं’

माळा, फॉल्स सीलिंग, भिंतीतली पोकळी, जुनं धुराडं: यांपैकी कुठेच नाही. तेल आणि ओल लाकडावर, वायरींवर बसते. डक्टचं टोक इमारतीच्या बाहेरच हवं.

‘पंखा जोरदार असला की बास’

मायक्रोवेव्हची पुढून मागपर्यंतची खोली शेगडीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे पुढच्या बर्नरचा धूर जाळीच्या पुढून वर निसटतो. पंख्याचा वेग वाढवून हे पूर्ण भरून निघत नाही. तळण, परतणं मागच्या बर्नरवर करा. खालच्या उष्णतेमुळे पंखा कधी आपोआप सुरू होतो, तो यंत्र थंड ठेवण्यासाठी. त्याच्या भरवशावर राहू नका.

भाड्याच्या घरात किंवा आतल्या भिंतीवर डक्ट खरंच शक्य नसतो. तिथे शेगडी पेटवण्याआधीच पंखा लावा, स्वयंपाक संपल्यावर १० ते १५ मिनिटं चालू ठेवा, आणि खिडकी उघडीच असू द्या, कारण अशा घरात हवा बाहेर जाण्याची वाट तेवढी एकच असते.