सव्वा महिना, पोटपट्टा आणि निसटणारी लघवी: त्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या कितीतरी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: गरोदरपणी व्यायाम केला तर गर्भाला धोका, बाळंतिणीने सव्वा महिना बाजेवरून उतरू नये, पोट घट्ट बांधलं की आपोआप आत जातं, खोकताना-शिंकताना लघवी निसटणं आईपणासोबत येतंच, त्याला इलाज नाही, आणि फिजिओथेरपी, पिलाटीस (श्वासासोबत करायचा एक व्यायामप्रकार) ही धरमपेठेतल्या पैसेवाल्यांची थेरं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायका आणि बाळंतिणींसोबतच काम करते. सोबत आलेल्या आया-सासवा मोबाइल पुढे करून हा मेसेज मला दाखवतात. त्यांच्या बोलण्यात काळजीच असते, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देते.

गर्भाच्या धोक्याचं आधी. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा त्याच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. आई चालली, वाकली म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर गरोदर आणि बाळंत बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. मध्यम म्हणजे दम लागेल, पण बोलता येईल इतका. मनाई कुणाला, हेही सांगायला हवं: वार (प्लॅसेंटा) खाली असून रक्तस्राव होतो, पाणी गेलंय, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका आहे, बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालाय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. आणि मे महिन्यात अंबाझरीला फिरायला जायचं तर पहाटेच जा. ऊन चढल्यावर घरातच, कूलरसमोर चटई टाकून व्यायाम करा.

सव्वा महिन्याच्या परंपरेत मला खूप काही चांगलं दिसतं. माहेरची माणसं, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, जड कामातून सुटका, हे बाळंतिणीला मिळायलाच हवं. पण आराम करणं वेगळं आणि बाजेवर पडून राहणं वेगळं. गरोदरपणात रक्ताची गोठण्याची क्षमता वाढलेली असते, ती बाळंतपणानंतर काही आठवडे तशीच राहते. त्यात पाय हलले नाहीत तर पिंढरीच्या शिरेत गाठ होऊ शकते. सिझर झालेल्यांना हा धोका जास्त, म्हणून तर त्यांना पहिल्या दिवसातच उठवून चार पावलं चालवतात. घरी आल्यावर ते बंद का करायचं? घोटे वरखाली करणं, खोल श्वास घेणं, खोलीतल्या खोलीत फिरणं, एवढं लगेच सुरू करता येतं. एका पिंढरीला सूज आणि दुखणं असेल, किंवा अचानक धाप लागली, तर मालीश नको, थेट दवाखाना.

आता पोट बांधण्याचं. न बांधलं तर ‘वारं शिरतं’, हे मी रोज ऐकते. पोटात वारं शिरत नाही. बाळंतपणानंतर साधारण एक किलोची असलेली गर्भपिशवी सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते, ती आपली आपण, पट्ट्यामुळे नाही. पुढे दिसतं ते पोट बऱ्याचदा मधोमध फाकलेल्या स्नायूंचं असतं. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात पहिलटकरणींपैकी सुमारे ६० टक्के बायकांत सहा आठवड्यांनी ही फट आढळली, वर्षानंतर सुमारे ३३ टक्क्यांत. सिझरनंतर चालताना-खोकताना पट्ट्याने आधार वाटतो, तेवढ्यापुरता जरूर वापरा. पण लुगड्याने श्वास अडेल इतकं आवळलं, तर दाब खाली जातो, नेमका लघवी रोखणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या आधीच ताणलेल्या स्नायूंवर.

त्या जागेबद्दल घराघरांत कुणी बोलत नाही, आणि मेसेजमधला ‘इलाज नाही’ हा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो. माझ्याकडे आलेली एक शिक्षिका उन्हाळ्यात शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायची नाही. वर्गात शिंक आली तर साडी ओली होईल ही धास्ती. नागपूरच्या उन्हात तहानलेलं राहणं स्वतःच धोक्याचं, शिवाय घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला जास्तच चेतवते. तिने हे आईलाही सांगितलं नव्हतं.

इलाज आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्येच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. गुडघे दुमडून पाठीवर झोपा. श्वास सोडताना लघवी आणि गॅस दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढा. मांड्या, कुल्हे सैल राहू द्या. पाच-सहा सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. हे सोडणं बऱ्याच जणी विसरतात. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव करू नका. जमलं की खोकण्याच्या क्षणभर आधी ओढायला शिका. मग कूलरमध्ये पाणी ओतताना: बादली अंगाजवळ, आधी तळ ओढायचा आणि श्वास सोडत उचलायचं. श्वास कोंडून उचललं की सगळा जोर खाली. फरक दिसायला साधारण तीन महिने रोज करावं लागतं. काहींचे स्नायू मात्र उलट आखडलेले असतात, त्यांना हाच व्यायाम त्रास देतो, म्हणून एकदा तपासून घ्यावं. योनीत काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर नक्कीच.

पैसेवाल्यांच्या थेरांबद्दल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, फिजिओथेरपी विभाग आहे. पिलाटीस हे नाव जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटीस यांचं. श्वासासोबत पोटाचे खोल स्नायू वापरायला ही पद्धत छान शिकवते आणि तिला चटई पुरते. पण बाळंतपणानंतर सुरुवातीला रीलमधले डोकं-पाय उचलून धरण्याचे प्रकार करू नका. पोट मधोमध डोंगरासारखं वर आलं की तो व्यायाम तुमच्यासाठी अजून नाही. क्लास लावताना शिकवणारीला विचारा: प्रसूती कशी झाली, टाके कुठे आहेत, हे तुम्ही विचारता का? पोटातली फट बोटांनी तपासता का? आणि लघवी निसटते असं मी सांगितलं, तर तुम्ही काय बदलाल?